आधी चित्र, मग शब्द

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असायचे. आठवीत असताना त्यातल्या एका ढिगातून मी दोन रुपयांना एक इंग्रजी कॉमिक घेतलं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, पिना गंजल्या होत्या आणि कागदाला रद्दीचा वास येत होता. आत पहिल्या पानावर पानभर एकच चित्र होतं. रात्रीची वेळ, ओला रस्ता, मुसळधार पाऊस आणि त्या पावसात एकटा उभा असलेला एक दगडी माणूस. अंगभर नारिंगी फरशीचे तुकडे बसवावेत तशी त्याची कातडी. खांदे पडलेले, हात नुसते सोडून दिलेले. कपाळाच्या खाचांमधून पाणी ओघळतंय आणि ते पुसायचंही त्याला सुचत नाहीये. एवढा धिप्पाड माणूस इतका खचलेला मी त्याआधी कुठल्याच चित्रात पाहिला नव्हता.

माझी शाळा मराठी माध्यमाची. पाचवीपासून शिकलेलं इंग्रजी त्या फुग्यांमधल्या संवादांना पुरं पडत नव्हतं. म्हणून मी ते कॉमिक नुसत्या चित्रांवरून वाचलं. एक परका माणूस या दगडी माणसाला पावसातून घरात घेतो, काहीतरी गरम प्यायला देतो, आणि तो झोपी गेल्यावर यंत्राच्या मदतीनं त्याचं रूप स्वतःवर चढवतो. खरा दगडी माणूस जागा होतो तो साधा, हाडामांसाचा माणूस होऊन. तोतया त्याच्या मित्रांमध्ये जाऊन मिसळतो. त्या मित्रांपैकी एक जण कमरेला दोर बांधून एका अथांग पोकळीत उतरतो आणि दोराचं दुसरं टोक असतं तोतयाच्या हातात. शेवटी तोतयाच पोकळीत झेप घेतो, त्या मित्राला बाहेर फेकतो आणि स्वतः आत राहतो. एकही वाक्य धड न वाचता मला हे सगळं कळलं. तो मत्सरानं पेटून आला होता आणि शरमून मेला, हेसुद्धा कळलं.

आमच्या घरी तेव्हा इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ यायचा, मराठीत. वेताळ वाचताना आधी चौकटीतला मजकूर वाचायचा आणि मग चित्राकडे बघायचं, अशी सवय होती. या फाटक्या कॉमिकनं ती सवय मोडली.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याचा ठावठिकाणा लागला. ते ‘फँटॅस्टिक फोर’ या मालिकेतल्या ५१ व्या अंकाचं पुनर्मुद्रण होतं. मूळ अंक जून १९६६ चा. चित्रं जॅक कर्बीची, शाई जो सिनॉटची, संवाद स्टॅन लीचे. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट वाचनात आली आणि मी थक्क झालो. कर्बीनं ही पानं काढली तेव्हा त्यांवर संवाद नव्हतेच! ते नंतर आले. म्हणजे माझ्यासारख्या मुलानं नाइलाजानं ज्या क्रमानं ते कॉमिक वाचलं, त्याच क्रमानं ते घडलं होतं.

हे कसं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण या माध्यमाची सगळी किल्ली तिथं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘फँटॅस्टिक फोर’ काढणारी मार्व्हल ही न्यूयॉर्कमधली कॉमिक्सची एक छोटी कचेरी होती. स्टॅन ली तिथला संपादक आणि बहुतेक सगळ्या मालिकांचा लेखकही. दर महिन्याला एवढ्या अंकांच्या चौकटी न् चौकटीची संहिता एका माणसानं लिहून देणं अशक्य होतं. मग एक पद्धत पडली. ली आणि चित्रकार गोष्टीबद्दल बोलत, कधी समोरासमोर, कधी फोनवर. चित्रकार घरी जाई आणि वीस पानं पेन्सिलीनं काढून आणी. एका पानावर चौकटी किती, प्रसंग कुठे सुरू करायचा, कुठे तोडायचा, कोण कुणाकडे पाठ करून उभं राहणार, कुठलं पात्र गप्प बसणार, हे सगळं तोच ठरवी. कर्बी समासात छोट्या टिपाही लिहून ठेवायचा, इथे काय चाललंय आणि पात्र काय म्हणतंय ते. ती पानं समोर ठेवून ली संवाद लिही. मग अक्षरलेखक फुगे भरी, शाईवाला पेन्सिलीवर शाई चढवी, रंगांची सूचना तयार होई आणि चार रंगांत, स्वस्तातल्या स्वस्त कागदावर अंक छापला जाई. किंमत १२ सेंट.

आपण ज्याला गोष्ट लिहिणं म्हणतो, त्यातला केवढा वाटा इथे चित्रकाराच्या पदरात पडतो! तरी अंकावर ‘लेखक’ म्हणून नाव दुसऱ्याचं आणि मोबदला पानामागे ठरलेला. लीच्या संवादांना मी कमी लेखत नाही. दगडी बेन ग्रिमच्या तोंडची न्यूयॉर्कच्या गल्लीतली भाषा त्यानं दिली, वाचकांशी घरच्यासारखं बोलणारी पत्रांची पानं त्यानं चालवली, चित्रकारांची नावं पहिल्या पानावर ठळक छापायची प्रथाही त्यानं रुळवली. पण कोऱ्या कागदासमोर पहिल्यांदा बसत होता तो कर्बी.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा त्याच वर्षीचा आहे. मार्च १९६६ च्या ४८ व्या अंकात गॅलॅक्टस येतो, ग्रहच्या ग्रह गिळणारा. ठरलेली गोष्ट एवढीच होती. कर्बीनं पानं आणून दिली तेव्हा लीला त्यात एक अनोळखी आकृती दिसली. नखशिखांत चांदीसारखा चकचकीत एक माणूस, लाटांवर खेळतात तसल्या फळीवर उभा राहून अवकाशातून येणारा. हा कोण, असं विचारल्यावर कर्बीचं म्हणणं असं की एवढ्या बलाढ्य प्राण्याच्या पुढे वर्दी द्यायला कुणीतरी हवाच. राजाची स्वारी निघाली की पुढे चोपदार असतोच, तसा हा. तोच सिल्व्हर सर्फर. जगभरच्या चाहत्यांचं हे लाडकं पात्र कुठल्याही बैठकीत ठरलं नाही. ते पेन्सिलीच्या टोकातून उतरलं.

कर्बीचं मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. आईवडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार. वस्ती दाटीवाटीची, गल्लोगल्ली पोरांच्या टोळ्या, आणि मारामाऱ्या रोजच्या. कर्बीच्या हाणामाऱ्यांची चित्रं खरी वाटतात त्याचं कारण इथं आहे असं मला नेहमी वाटतं. त्याच्या चौकटीत ठोसा बसतो तेव्हा मारणाऱ्याचा मागचा पाय, कंबर, खांदा, सगळं त्या ठोशात उतरलेलं असतं. नुसता हात पुढे करून कुणी कुणाला पाडत नाही, हे ज्यानं स्वतः मार खाल्लाय त्यालाच ठाऊक असतं.

चित्रकला तो जवळजवळ स्वतःच शिकला. प्रॅट या नामांकित कलासंस्थेत नाव घातलं आणि आठवड्याभरातच बाहेर पडला. मग फ्लायशर स्टुडिओत पॉपायच्या कार्टूनपटांसाठी दोन हालचालींच्या मधली चित्रं काढायचं काम मिळालं. रांगेनं टेबलं आणि प्रत्येक टेबलावर त्याच चित्राचा पुढचा तुकडा. वडिलांच्या कारखान्याची आठवण येऊन त्यानं ते सोडलं.

तेविसाव्या वर्षी त्यानं जो सायमनच्या साथीनं कॅप्टन अमेरिका घडवला. पहिल्या अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो डिसेंबर १९४० मध्येच दुकानांत आला होता. मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय. तारखेकडे लक्ष द्या. पर्ल हार्बरवर हल्ला व्हायला अजून एक वर्ष होतं, अमेरिका युद्धात नव्हती आणि देशात नाझींबद्दल ममत्व असणारे लोक उघडपणे सभा घेत होते. अशा वेळी दोन ज्यू तरुणांनी एका जिवंत राष्ट्रप्रमुखाला मुखपृष्ठावर आडवा केला. अंक प्रचंड खपला आणि धमक्याही आल्या. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी स्वतः फोन करून पाठिंबा दिल्याची आठवण सायमननं लिहून ठेवली आहे. एक बारीक गंमत जुन्या चाहत्यांना फार प्रिय आहे. पहिल्या अंकातली ढाल वर सरळ आणि खाली निमुळती आहे. दुसऱ्या एका प्रकाशकानं आपल्या नायकाशी ती मिळतीजुळती असल्याची तक्रार केली आणि दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली. आज पोरांच्या दप्तरावर दिसणारी गोल ढाल त्या तक्रारीतून आली.

१९४३ मध्ये कर्बीला सैन्यात बोलावणं आलं. ऑगस्ट १९४४ मध्ये तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. हा कॅप्टन अमेरिकाचा चित्रकार, हे कळल्यावर त्याच्या अधिकाऱ्यानं त्याला कौतुकानं सुरक्षित जागी बसवलं नाही. तुला चित्र काढता येतं ना, मग पुढे जाऊन शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे काढून आण, म्हणून टेहळणीला धाडलं. हिवाळ्यात त्याचे पाय गोठले. लंडनच्या इस्पितळात ते कापायची वेळ आली होती, पण वाचले. पुढे जन्मभर त्यानं जी युद्धं काढली, अवकाशातली, देवांची, राक्षसांची, त्यांत विजयाचा उन्माद फारसा दिसत नाही. ढिगारे दिसतात.

आता खुद्द रेघेकडे येतो, कारण चाहत्याचा जीव तिथंच अडकतो. साठच्या दशकात कर्बी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहायचा. घराच्या तळघरात एक अरुंद खोली होती. तिला घरचे लोक ‘डंजन’ म्हणत, म्हणजे अंधारकोठडी. चित्रपाट, खुर्ची, सिगारचा धूर, आणि काम उत्तररात्रीपर्यंत. काही महिन्यांत त्यानं शंभराच्या आसपास पानं काढली आहेत. त्याला काम करताना पाहिलेले लोक सांगतात की तो कच्चा आराखडा काढायचाच नाही. कागदाच्या एका कडेपासून पेन्सिल सुरू करायची आणि सरकत जायचं. जणू चित्र आधीच कागदावर आहे आणि हा फक्त त्यावरची धूळ झटकतोय. कागदही मोठा असे, छापील पानाच्या लांबीरुंदीच्या जवळपास दुप्पट.

त्याच्या हातांची बोटं बघा. टोकं चौकोनी, एखाद्या अवजारासारखी. शरीरशास्त्राच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं तर ती चुकीची ठरतील, पण चौकटीतून आपल्याकडे झेपावणाऱ्या पंज्याचा जोर त्या चौकोनी टोकांतून येतो. जवळचं प्रचंड मोठं आणि लांबचं झपकन लहान, ही त्याची युक्ती. मूठ पानाच्या निम्म्या भागात आणि तिच्यामागे डोकं सुपारीएवढं. धातूवर चमक दाखवायला तो काळ्या, वळणदार, तुटक रेघांचे पट्टे काढतो. तसली चमक खऱ्या धातूवर कधीच पडत नाही आणि तरी डोळा तिला धातू म्हणतो.

आणि ते ठिपके! चाहते त्यांना ‘कर्बी क्रॅकल’ म्हणतात. अवकाशातली धगधगती ऊर्जा दाखवायची असली की कर्बी लहानमोठ्या काळ्या गोळ्यांचे पुंजके काढतो, एकमेकांना चिकटलेले, कुठे दाट, कुठे विरळ. छपाईतले रंगाचे ठिपके वेगळे. ते बारीक, एकसारखे, यंत्रानं आखलेले असतात. हे हातानं काढलेले, शाईनं भरलेले, प्रत्येक वेगळ्या आकाराचा. ऊर्जा कुठं आहे म्हणून शोधायला गेलं तर ती ठिपक्यांत सापडत नाही. काळ्या गोळ्यांच्या मधे उरलेली जी वेडीवाकडी रिकामी जागा असते, तिथं रंग भरतात आणि ती जागा पेटते. दिवाळीत अनार बघून डोळे मिटले की पापण्यांच्या आत जे नाचतं, तसं काहीसं ते दिसतं. १९६६ च्या सुमारास हे ठिपके त्याच्या पानांवर जोरात यायला लागले. मी भिंग घेऊन तासचे तास ते पाहिले आहेत.

पेन्सिलीवर शाई कोण चढवतो यावर पानाचं नशीब ठरे. जो सिनॉटची शाई म्हणजे घोटीव काम. धातू चकाकतो, दगड दगड वाटतो, एक ठिपका इकडचा तिकडे होत नाही. याउलट व्हिन्स कोलेटा मुदत गाठण्यासाठी मागच्या गर्दीतली माणसं, खिडक्या, इमारती चक्क खोडून टाकायचा. ‘थॉर’च्या काही पानांची मूळ पेन्सिल आणि छापील रूप शेजारी ठेवून पाहिलं की जीव हळहळतो.

या काळाबद्दल लिहिताना मार्व्हलचाच दुसरा चित्रकार स्टीव्ह डिटको याचं नाव न घेणं पाप ठरेल. ऑगस्ट १९६२ मध्ये स्पायडर-मॅन पहिल्यांदा अवतरला, त्या अंकाचं मुखपृष्ठ कर्बीचं, पण आतला किडकिडीत, अवघडलेला, शाळेत कुणी न विचारणारा पीटर पार्कर डिटकोचा. कर्बीची माणसं जागा व्यापतात, डिटकोची अंग चोरतात. जाळं सोडताना मधली दोन बोटं दुमडलेला तो हात आठवा. त्या पहिल्या अंकाची मूळ २४ पानं २००८ मध्ये कुणीतरी नाव न सांगता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. त्यांची बाजारातली किंमत लक्षात घेतली तर या दानापुढे हात जोडावेसे वाटतात.

१९७० मध्ये कर्बी मार्व्हल सोडून सुपरमॅन काढणाऱ्या डीसी या प्रकाशनाकडे गेला आणि एकट्यानं, लेखन आणि चित्र दोन्ही आपल्या हाती घेऊन, नव्या देवांचं एक अख्खं पुराण रचायला बसला. डार्कसाइड हा खलनायक तिथला. पण त्याच काळात सुपरमॅनचा चेहरा त्यानं काढला की डीसीची माणसं तो दुसऱ्या चित्रकाराकडून बदलून घेत, सुपरमॅन ठरीव साच्यातलाच दिसला पाहिजे म्हणून. पुराण अर्धवट असतानाच १९७२ मध्ये ‘न्यू गॉड्स’ बंद पडलं. माझ्या मते ते त्याचं सर्वांत मोठं काम आहे.

आपल्याकडच्या देवांशीही त्याची एकदा गाठ पडली. रॉजर झेलाझ्नी यांची ‘लॉर्ड ऑफ लाइट’ ही १९६७ ची विज्ञानकादंबरी. तिच्यात दूरच्या ग्रहावरची माणसं ब्रह्मा, यम, काली होऊन राज्य करतात. तिच्यावर चित्रपट काढायचं सत्तरच्या दशकाच्या शेवटी ठरलं आणि त्या जगाची भव्य संकल्पचित्रं कर्बीनं काढली. चित्रपट झाला नाही. पण १९८० च्या जानेवारीत तेहरानमध्ये लपलेल्या सहा अमेरिकी अधिकाऱ्यांना बाहेर काढायला सीआयएनं एका खोट्या चित्रपटाचं सोंग उभं केलं, तेव्हा पडून राहिलेली ती संहिता आणि कर्बीची चित्रं कामी आली. संहितेचं नाव बदलून ‘आर्गो’ ठेवलं. सहाही जण सुखरूप सुटले. ही हकिगत सीआयएनं १९९७ मध्ये खुली केली. कर्बी ६ फेब्रुवारी १९९४ रोजीच गेला होता.

त्याच्या मूळ पानांची कहाणी मात्र सुखाची नाही. साठच्या दशकात अंक छापून झाला की मूळ चित्राला रद्दीइतकीच किंमत उरे. काही पानं कुणाकुणाला वाटली गेली, काही चोरीला गेली. ऐंशीच्या दशकात मार्व्हलनं चित्रकारांना पानं परत द्यायला सुरुवात केली. इतरांना सहीसाठी एक पानी कागद आणि कर्बीला चार पानी, हक्क सोडून देण्याच्या अटींनी भरलेला. त्यानं सही केली नाही. त्याच्या बाजूनं व्यवसायातले कितीतरी चित्रकार आणि लेखक उघडपणे उभे राहिले. १९८७ मध्ये हजारो पानांपैकी सुमारे दोन हजार त्याच्या हाती आली. तो गेल्यावर मुलांनी हक्कांसाठी न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयांत हरत हरत प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचलं आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून मार्व्हलच्या अंकांवर त्या त्या पात्राचा निर्माता म्हणून जॅक कर्बीचं नाव स्पष्ट छापलं जातं. ते पन्नास वर्षं उशिरा छापलं गेलं.

माझं ते बिनमुखपृष्ठाचं कॉमिक अजून माझ्याकडे आहे. त्यातलं पोकळीचं पान कर्बीनं मासिकांतले फोटो कापून, चिकटवून केलं होतं. हलक्या कागदावर त्याचा नुसता करडा चिखल झालाय आणि तरी तो माणूस त्यात तरंगताना दिसतो. हे सगळे अंक आता चांगल्या कागदावर, एकत्र खंडांत मिळतात. तुमच्या हाती एखादा लागला तर माझं एक ऐका. पहिल्या वाचनात फुग्यांवर नजर रेंगाळू देऊ नका. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत फक्त चित्रं बघत जा. शब्द दुसऱ्या वाचनाला ठेवा.